भिंतीवरचा मिस्त्री

कुठल्याही गॅरेजात शिरले की मी आधी भिंत बघते. गाडी खड्ड्यावर आहे की जॅकवर, काम कोण करतंय, चहा कोण पितोय, ते सगळं नंतर. भिंतीवर काचेच्या चौकटीत कुणाचं सर्टिफिकेट लावलेलं दिसलं की मी मालकाला सरळ विचारते, "हा माणूस कुठे आहे?" मालक बहुधा दात काढतो आणि म्हणतो, "आहेत ना, जरा बाहेर गेलेत." माझ्या मुलाला या माझ्या सवयीची लाज वाटते. वाटू दे. त्याच्या मामाचं जे झालं ते त्याने पाहिलेलं नाही.

माझा थोरला भाऊ पनवेलात मोटारींचा मिस्त्री होता आणि मी तिथल्याच मुलींच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव खाडीकाठी, मिठागरांचं. वडील दुसऱ्याच्या मिठागरावर राबायचे आणि घरची थोडी खारजमीन होती, तिच्यात भात व्हायचा. लढाईच्या दिवसांत दादा लष्करी लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात हमाली करायला गेला आणि फिटर होऊन परत आला. शाळेत तो तिसरीपर्यंत जेमतेम गेलेला. मी मात्र सातवी झाले, ट्रेनिंगला गेले, ते त्याच्या पगारावर. भावकीतलं कुणी म्हणालं की मुलीला एवढं शिकवून काय करणार, की तो म्हणायचा, "माजा हात त्यालानं काला झाला. तिचा खडूनं पांढरा होऊ दे."

तो काही गरीब गाय नव्हता. उलट पक्का बढाईखोर. रविवारी पांढरी पँट घालून बाजारातून हिंडायचा आणि रस्त्याने जाणारी प्रत्येक बस मला बोटाने दाखवायचा. "ती बघ बाय, ती माजी. ती निळी, ती पन माजीच." एकदा मी म्हटलं, "सगळ्या तुझ्या, मग मालकांकडे काय उरलं?" तर म्हणाला, "मालकाकडं इंजीन. ब्रेक माजे."

ब्रेक हेच त्याचं खरं काम. मुंबईहून घाटाकडे किंवा खाली कोकणात जाणारी गाडी पनवेलला टेकायचीच. ड्रायव्हर पाणी भरायचे, जेवायचे आणि ज्याला जिवाची काळजी असेल तो ब्रेक दाखवून घ्यायचा. दादाचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडी चालली नाय तर मानूस चालत जाईल. गाडी थांबली नाय तर?" यापुढे तो काही बोलायचा नाही, ड्रायव्हर आपोआप गाडी खड्ड्यावर घ्यायचा.

गॅरेजच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. मूळचा तो भातगिरणीवाला. त्याने आयुष्यात पाना हातात धरला असेल तर दसऱ्याला, पूजेपुरता. पण धंद्याचं नाक त्याला होतं. दादाच्या हाताखाली पाच-सहा जण होते आणि दादापेक्षा वयाने मोठे असे एक जुने फिटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामा इंजिनाच्या कामात तयार, पण ब्रेकला त्यांनी फारसा हात लावलेला नव्हता. त्याची गरजही नव्हती, दादा होता.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा नवा नियम आला. भाड्याच्या बसगाड्या आणि सरकारी गाड्या ज्या गॅरेजात दुरुस्त होतात तिथे परीक्षा पास झालेला, सर्टिफिकेटवाला मिस्त्री पाहिजे. ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काम त्याने स्वतः तपासून कागदावर सही करायची, तरच गाडी रस्त्यावर. आणि ते सर्टिफिकेट गॅरेजात सर्वांना दिसेल असं लावायचं.

दादा भडकला. "आता साहेब लोक शिकवनार मना ब्रेक? लढाईत माज्या लॉऱ्या गेल्या त्या काय कागदावर गेल्या?"

मी नियमाच्या बाजूने होते, आजही आहे, हे आधीच सांगते, नाहीतर माझा राग कशावर आहे ते कुणाला कळायचं नाही. मी स्वतः परीक्षा दिल्याशिवाय वर्गात उभी राहिले नव्हते. पोरीच्या हातात पाटी देणाऱ्या बाईची परीक्षा घेता, मग वऱ्हाडाची बस उतारावर सोडणाऱ्याची का नको? हे मी दादाला तोंडावर सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन माझ्यासमोर बसला.

त्याला वाचता यायचं, पण अक्षराअक्षराला ठेचकाळत. लिहिणं तर विसरल्यातच जमा. मी रोज शाळेतून आले की आम्ही बसायचो. माझ्या वर्गातल्या मुली त्याच्यापेक्षा शहाण्या, निदान पेन्सिल मोडल्यावर ती भिंतीवर फेकून मारत नाहीत. शेवटी मुंबईला जाऊन तो परीक्षा देऊन आला. परीक्षक बरा माणूस होता म्हणे. बॅटरीवरचा एक प्रश्न दादाला आला नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितलं आणि बाकीचं काम पाहून पास केलं. परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी त्याने ते हातात घेऊन आपलं नाव मोठ्याने वाचलं, न अडखळता. आईने त्या कागदाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं. वडिलांनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, जणू नोट खोटी की खरी ते बघतायत. आमच्या घराण्यात छापलेल्या कागदावर आलेलं ते दुसरंच नाव, माझ्याआधी कुणाचं नव्हतं आणि माझ्यामागे त्याचं.

शेठने सर्टिफिकेटला चांगली काच आणि चौकट करून घेतली आणि ते लक्ष्मी-गणपतीच्या तसबिरींच्या रांगेत टांगलं. नियमच तसा होता, दिसेल असं लावा. पण ते देवांच्या रांगेत लावा असं नियमात नव्हतं. सकाळी गॅरेज उघडलं की उदबत्ती फिरायची ती लक्ष्मी, गणपती, आणि दादाचं सर्टिफिकेट. दसऱ्याला पाने, जॅक, हातोड्या मांडल्या, त्यांच्या मधोमध ती चौकट ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला. मी त्या दिवशी सोनं द्यायला गेले होते. बघितलं तर हाताखालचा जो तो येतोय, काचेला बोट लावून ते कपाळाला लावतोय. ही रोजचीच पद्धत पडली होती हे मला नंतर कळलं. चाक उतरवण्याआधी चौकटीला हात लावायचा, मग कामाला लागायचं.

मी मामांना विचारलं, हे काय चाललंय? ते अगदी भाविकपणे म्हणाले, "घरात देव एकच असतो ना बाई? पन पावतो घरातल्या सगल्यांना. तसाच ह्यो कागद. या छपराखाली जो हाय त्याला तो लागू."

मी म्हटलं, "मामा, माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट शाळेच्या भिंतीवर लावलं तर शिपाई वर्ग घेईल का?"

"घेत असंल तर घेऊ दे की," मामा म्हणाले आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने दादा हसला. मला म्हणाला, "बाय, तू लय इचार करतेस. आपटा दे नि पेढा खा."

मामांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. ते मनापासून तसंच समजत होते. लबाडी होती ती गल्ल्यावर बसून गालातल्या गालात हसणाऱ्या शेठच्या पोटात. त्याला तो नियम काय आहे हे चांगलं ठाऊक होतं. पण सहा जणांना परीक्षेला पाठवायचं म्हणजे तेवढे दिवस काम बंद, आणि पास झाले की उद्या पगार वाढवून मागणार. त्यापेक्षा एकाचा कागद सगळ्यांना पुरवणं किती सोयीचं.

मग त्याने दादाच्या सहीचा रबरी शिक्का करून घेतला. दादा सही करायला वेळ लावायचा हे खरं. एकेक अक्षर कोरत बसायचा आणि तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. शेठ म्हणाला, मोठ्या साहेबांचे असेच शिक्के असतात. झालं, दादाला तेवढंच पाहिजे होतं. मला त्याने तो शिक्का माझ्या शाळेच्या वहीवर मारून दाखवला. मी म्हटलं, "हा तुझ्या खिशात राहू दे." तो म्हणाला, "राहनार." आणि राहिला तो शेठच्या गल्ल्यात, कारण पांढऱ्या पँटीच्या खिशाला शाई लागायची.

एका मोठ्या उधाणाला आमच्या गावचा बांध फुटला. खाडीचं पाणी खारजमिनीत शिरलं की पुढे कित्येक हंगाम तिच्यात भात होत नाही. म्हणून आमच्याकडे रीतच आहे, बांध फुटल्याचा निरोप आला की ज्याची जमीन त्या घरचा प्रत्येक पुरुष असेल तिथून निघून बांधावर हजर व्हायचा. मग तो मुंबईत गोदीत असो नाहीतर पनवेलला गॅरेजात. न येणाऱ्याचं तोंड गाव पुन्हा बघत नाही. दादाने पाना खाली ठेवला आणि शेठला सांगितलं, "मी येईपरत ब्रेकचा काम घेऊ नका. इंजीन घ्या, बॅटरी घ्या. ब्रेक नको." शेठ म्हणाला, "तू बिनघोर जा." हे मामांनी ऐकलं, इतरांनी ऐकलं, आणि जाता जाता निरोप द्यायला तो माझ्या शाळेच्या फाटकाशी आला तेव्हा मला त्याने तेच सांगितलं.

तो बांधावर कमरेइतक्या चिखलात उभा होता, तेव्हा गॅरेजात नेरे गावच्या एका वऱ्हाडाची बस आली. लग्न पेणला. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक जरा खाली जातोय. लग्नसराईचे दिवस, भाड्याची बस, बसमालक शेठच्या ओळखीचा. शेठने मामांना बोलावलं. मामांनी चौकटीला हात लावला, कपाळाला लावला आणि ब्रेकचं काम केलं. शेठने कागदावर शिक्का मारला.

कर्नाळ्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. ड्रायव्हरने शहाणपणा केला, बस दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घासली. कुणी दगावलं नाही. पण नवरीची काकू पुढच्या बाकावर बसली होती, तिचा पाय बाकाखाली सापडला आणि गुडघ्यापासून निकामी झाला. तिची स्वतःची भाजीची वाडी होती. नेऱ्याहून पनवेलच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन ती रोज यायची. ते तिचं चालणं त्या दिवशी संपलं.

चौकशीला मोटार खात्याचा साहेब गॅरेजातच आला. दादा बांधावरून तसाच आलेला, पायाच्या नखांत चिखल. मी शाळेतून रजा घेऊन गेले आणि दारापाशी उभी राहिले. साहेबाने कागद पुढे धरला. "सही तुमची?"

"शिक्का माजा. सही माजी नाय. मी गावाला व्हतो."

साहेबाने शेठकडे पाहिलं. शेठ काय म्हणावा? म्हणाला, "जाताना करून गेला होता, साहेब. त्याचं काम, त्याची सही. मला ब्रेकमधलं काय कळतं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पूजेच्या पाटावर बसताना गॅरेज त्याचं, आणि चौकशीत मात्र तो कोणीच नाही. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, "खोटं बोलता तुम्ही." साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

तेव्हा मामा पुढे झाले. त्या माणसाला मी कधीही दोष देणार नाही. ते म्हणाले, "साहेब, काम मी केला. ह्यो हितं नव्हता. ह्यो सांगून गेलता, ब्रेक घेऊ नका. पन शेठ बोलले कर, म्हनून केला." आणि मग खरंच न समजून त्यांनी विचारलं, "पन कागद तर भिंतीवर व्हता ना?"

साहेबाला आधी हसू आलं. मग त्याने चौकटीकडे बघितलं, काचेवरच्या कुंकवाच्या बोटांकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. दादाला म्हणाला, "म्हणजे तुमचं सर्टिफिकेट इथे कुणीही वापरत होतं, आणि तुम्हाला ठाऊक होतं."

आता काय बोलायचं? सही माझी म्हटलं तर बाईचा पाय याने मोडला. सही माझी नाही म्हटलं तर याने सर्टिफिकेट दुसऱ्याला वापरू दिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादाने खरं होतं ते सांगितलं. "ठाव व्हता."

त्याचं सर्टिफिकेट रद्द झालं. शेठला दंड झाला, तो भरून तो मोकळा झाला. साहेबाचा शिपाई चौकट काढून घेऊन गेला तेव्हा मामांनी तिला हात जोडले. दादाने मान फिरवली.

मी अर्ज केले. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला अर्ज लिहिता येतो, म्हणून केले. याला पुन्हा परीक्षेला बसू द्या, पुन्हा पहिल्यापासून तपासा, बॅटरीसकट तपासा. उत्तर आलं की एकदा रद्द झालेल्यास पुन्हा बसण्याची सोय नियमात नाही. ज्याने दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारला त्याला पुन्हा गॅरेज चालवण्याची सोय नियमात होती. ज्याच्या नावाचा शिक्का मारला त्याला नव्हती. मी ते उत्तर चुलीत घातलं.

दादाला घेऊन मी नेऱ्याला त्या बाईच्या घरी गेले. तो येत नव्हता, मी नेला. मला वाटलं, तिला सांगू की हा त्या दिवशी तिथे नव्हताच, याचा दोष नाही. निदान तिच्या तरी मनात किल्मिष राहू नये. ती पडवीत पाय पसरून भेंड्या निवडत बसली होती. तिने आम्हाला पाणी द्यायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, शिक्का, शेठ, मामा, बांध. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दादाला विचारलं, "मंजे तू नव्हतास."

"नव्हतो."

"ब्रेकवाला तूच ना तिथला? मंग कशाला नव्हतास?"

दादाने बांधाचं नाव काढलं नाही. येताना वाटेत मी म्हटलं, "तिला काय माहीत उधाण म्हणजे काय." तो म्हणाला, "तिला चाललं असतं कागद नसता तरी. मी पायजे व्हतो." आणि मग घरी येईपर्यंत मीच बडबडत होते.

थोड्याच दिवसांत शेठने नवं सर्टिफिकेट आणलं. माणूस नाही, फक्त सर्टिफिकेट. ठाण्याला राहणारा कुणी मिस्त्री होता, काम सोडून घरी बसलेला. त्याचा कागद वर्तमानपत्रात गुंडाळून आला आणि त्याच खिळ्यावर टांगला गेला. दर महिन्याला त्याला घरबसल्या काहीतरी पोचायचं. त्याच्याही सहीचा शिक्का आला. तो माणूस गॅरेजात आलेला मी तरी कधी पाहिला नाही, आणि दादा म्हणे त्यानेही नाही. गॅरेजातले त्याला भिंतीवरचा मिस्त्री म्हणत. साहेब येऊन बघून गेले. काच स्वच्छ होती, कुंकू नव्हतं, सगळं नियमाप्रमाणे. शेठ सुधारला तो एवढाच.

आणि ब्रेकचं काम? ते दादाच करत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथे तर नागोबा ठाण्याला आणि बिळात राबणारा माझा भाऊ. मी त्याला म्हटलं, सोड ते गॅरेज. थू त्या शेठच्या तोंडावर. तुझ्या नावाची माती केली त्याने आणि त्याच्याच खड्ड्यात उतरतोस? मिठागरावर जा, माझ्याकडे येऊन राहा, मी काय तुला जेवायला घालणार नाही? फार बोलले मी. आईसमोर बोलले.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी सोडला तर ब्रेक मामा करतील. नायतर कालचा पोरगा करंल. गाड्या जायच्या त्या जानारच."

त्याच्या पुढच्या उधाणाला बांध पुन्हा फुटला. निरोप आला. दादा गेला नाही. गावाने आमच्या घराशी बोलणं टाकलं, वडिलांना ते फार लागलं. पण तो गेला नाही आणि का गेला नाही ते त्याने गावाला सांगितलंही नाही. पांढरी पँट घालून बाजारात हिंडणंही त्याने केव्हा सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. बसगाड्या जात राहिल्या, तो बोट दाखवेनासा झाला.

पुढे एका वर्षी आमच्या शाळेची सहल लोणावळ्याला निघाली. आमच्या मुख्याध्यापिका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या, त्यामुळे सहल कधी शनिवारी नसे, आणि शिस्तीच्या इतक्या की मुलींच्या रिबिनीसुद्धा मोजून घ्यायच्या. त्यांनी ड्रायव्हरकडे ब्रेक तपासल्याचा कागद मागितला. ड्रायव्हरने दिला. आमच्याच गॅरेजचा. खाली ठाण्याच्या मिस्त्रीचा शिक्का. बाई म्हणाल्या, "छान. सर्टिफिकेटवाल्या माणसाने पाहिलेत म्हणजे चिंता नाही."

मी म्हटलं, "बाई, त्या माणसाने ही बस डोळ्यांनी बघितलेलीसुद्धा नाही. तो ठाण्याला असतो. ब्रेक माझ्या भावाने केलेत."

"तुमच्या भावाकडे सर्टिफिकेट आहे?"

"होतं."

त्यांचा चेहरा बदलला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर माझाही बदलला असता. ब्रेक कुणी केलेत हे नक्की कळल्याशिवाय मुलींना घेऊन घाटात जाणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते म्हणणं बरोबरच होतं. ड्रायव्हर कुरकुरला. मी म्हटलं, "गॅरेज वाटेवरच आहे. तिथे थांबवा आणि स्वतः विचारा." मला आतून आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारणार होतं. शेठच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत, एक शिकलेली, मान असलेली बाई विचारणार होती, आणि माझा भाऊ सांगणार होता, मी.

बस गॅरेजापुढे थांबली. बाई उतरल्या, मी उतरले. शेठ गल्ल्यावरून उठून हात जोडत पुढे आला. दादा खड्ड्यातून वर आला, फडक्याला हात पुसत. बाईंनी त्याला कागद दाखवला. "या बसचे ब्रेक तुम्ही केलेत?"

खिडक्यांतून मुली माना काढून बघत होत्या. दादाने बसकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. मग शेठकडे नाही, बाईंकडेही नाही, तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नाय बाई. ठान्याच्या मिस्त्रींनी केलं. पक्के हायत. बिनधोक जा."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला म्हणाल्या, "तुमचा काहीतरी गैरसमज झाला." शेठ म्हणाला, "होतो कधी कधी." मी दादाकडे बघत उभी राहिले. तो हो म्हणाला असता तर शेठने त्याला त्याच दिवशी काढला असता आणि उद्याच्या बसखाली दुसरं कुणी उतरलं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही. मी बसमध्ये चढले.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना ड्रायव्हरने प्रत्येक वळणावर ब्रेक लावला आणि बस प्रत्येक वळणावर थांबल्यासारखी हळू झाली. मुली गाणी म्हणत होत्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय सुंदर काम केलंय हो त्या ठाण्याच्या माणसाने." मी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं.